दीड वर्षाची लेक, नाकातून नळी, तपासण्यांत काही सापडत नाही. घरी नेण्याआधी काय काय विचारून घेऊ?

लेकीची_आई

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, कारण त्रोटक सांगितलं की "दात येत असतील" असंच सगळे म्हणतात.

लेक दीड वर्षाची. गणपतीच्या आधी दाखल केली, आता घटस्थापना तोंडावर आली तरी आम्ही वॉर्डातच आहोत. विसर्जनाचे ढोल वॉर्डाच्या खिडकीतून ऐकले. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, माझी कुणाबद्दल तक्रार नाही.

नऊ महिन्यांपर्यंत सगळं वेळच्या वेळी होतं. अंगावर पीत होती, छान बाळसं धरलं होतं. सहाव्या महिन्यात वरचं सुरू केलं, तेही घेतलं: नाचणी सत्त्व, मऊ भात, वरणाचं पाणी, उकडलेलं रताळं. दहाव्या महिन्यात आमच्या चाळीत जुलाब-उलट्यांची साथ आली. तिलाही झाली, आठवड्याभरात थांबली. त्यानंतर खाणं काही रुळावर आलंच नाही. दोन-तीन चमचे झाले की पाठ ताणून मागे जायची आणि रडायची. तास-दोन तासांनी उलटी, आणि दुपारच्या उलटीत सकाळचा भात तसाच दिसायचा. पोट टम्म. शी कधी कित्येक दिवस नाही, तर कधी दिवसभर पातळ. पहिल्या वाढदिवसानंतर वजन थांबलं, मग उतरायला लागलं. दाखल केली तेव्हा ७.४ किलो होती. डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता समोर ठेवून दाखवलं: या वयाच्या मुलीचं मधलं वजन १०.२ किलो, ८.१ च्या खाली गेलं की वजन कमी, आणि ७.२ च्या खाली गेलं की फारच कमी. म्हणजे आम्ही त्या शेवटच्या रेघेच्या अगदी वर होतो.

तपासण्या बऱ्याच झाल्या. रक्त, लघवी, शी. थायरॉइड. गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे का ते बघायला सीलियाकची तपासणी. घामाची तपासणी. टीबीसाठी वेगळ्या. सोनोग्राफी झाली. नळीतून पांढरं औषध देऊन एक्स-रे काढले, त्यात आतड्याला पीळ नाही, अडथळा नाही. दुर्बीण घालून आतले छोटे तुकडे काढले, त्यांचा रिपोर्ट यायला वेळ लागला, त्यातही धरून बसावं असं काही नाही. गाईचं दूध आणि दुधाचं सगळं बंद करून पाहिलं. शी थोडी सुधारली, उलट्या तशाच. प्रत्येक रिपोर्टला शेजारच्या खाटांवरच्या आया म्हणतात, "बरं झालं, काही निघालं नाही." मीही मान डोलावते. पण काही निघालं असतं तर निदान त्यावर औषध असतं, हे त्यांना कसं सांगू?

सध्या नाकातून पोटात नळी आहे. सिरिंजने एकदम शंभर मिली दिलं तर उलटी होते. तेच पंपावर तासाभरापेक्षा जास्त वेळ सावकाश सोडलं तर टिकतं. वजन ७.९ वर आलंय. डॉक्टरांचा अंदाज असा की त्या साथीनंतर जठराची हालचाल मंदावली असावी, आणि खाल्लं की दुखतं हे तिच्या मनात पक्कं बसलं. हा अंदाज आहे, निदान म्हणून धरू नका, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. मला त्यांचं ते बोलणं आवडलं. आता ते म्हणतात की वॉर्डात राहून दुसरा संसर्ग व्हायचा, त्यापेक्षा नळीसकट घरी न्या. फार काळ लागलीच तर पोटातून थेट नळी बसवायचा विचार करू.

घर म्हणजे काळाचौकीला दीड खोली. सासू-सासरे, दीर, आम्ही तिघं. पाणी पहाटे येतं. नवऱ्याची गोदीत कंत्राटी नोकरी, पाळी बदलती. मी पतपेढीत कॅशवर बसते, पगारी रजा संपली. या घरात पंप, नळी आणि दीड वर्षाची पोर कशी सांभाळायची, हे डोळ्यांसमोर येत नाही.

आणखी दोन गोष्टी आहेत, त्या वॉर्डात कुणाला विचारता येत नाहीत.

एक. जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज आला की ती ओठ घट्ट मिटते. चमचा दिसला की भिंतीकडे तोंड. तिचा पहिला स्पष्ट शब्द "नको" आहे. पण परवा शेजारच्या खाटेवरची आई वडापाव खात होती. तिच्या हातातला पावाचा कडेचा तुकडा लेकीने आपणहून हात लांब करून घेतला. चाटला. चटणी तिखट लागली असणार, तोंड वाकडं केलं, आणि परत चाटला! मी श्वास रोखून बघत बसले, पुढे गेले असते तर टाकला असता. गिळलं काहीच नाही. याला काही अर्थ आहे का, की मी आशेने बघतेय म्हणून मला दिसतंय?

दोन. नळी बदलताना मला तिचे हात धरायला सांगतात. मी धरते. त्या वेळी ती माझ्याकडे बघते. घरी गेल्यावर नळी मीच घालायची, असं शिकवणार आहेत. जिच्या कुशीत ती रडून झोपते तिनेच नाकात नळी घालायची? दुसरी काही व्यवस्था असते का?

सासूबाई रोज डबा घेऊन येतात, दृष्ट काढतात, आणि "हा घास काऊचा, हा घास चिऊचा" करत एक तरी घास जावा म्हणून धडपडतात. त्यांचा जीव तुटतो. त्यांना थांबवू की करू देऊ, तेही सांगा.

कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

कल्याणची_वहिनी

ताई, आमच्या मुलाला घरी नळी होती, कल्याणला, वन बीएचकेत. आमच्याकडेही शेवटपर्यंत कारणाचं नाव मिळालं नाही. आज तो पहिलीत आहे आणि डब्यातली पोळी-भाजी संपवून येतो. तुमच्या लेकीचं तसंच होईल असं मी म्हणू शकत नाही, प्रत्येक मूल वेगळं. पण दीड खोलीत नळी सांभाळता येते, एवढं छातीठोक सांगते.

आता कामाचं. नळीवर सेंटिमीटरचे आकडे असतात. नाकपुडीपाशी कुठला आकडा आहे तो बघा, फोटो काढा, आणि मुलीच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. प्रत्येक वेळी दूध सोडण्याआधी आधी तो आकडा. तो सरकला असेल तर दूध सोडायचं नाही.

टेप. ऑक्टोबरचा उकाडा येतोय, घामाने टेप सुटते आणि गाल सोलवटतो. गालावर आधी त्वचेचं रक्षण करणारा पातळ चिकट पॅच लावायचा, जखमेवर लावतात तसला हायड्रोकोलॉइडचा, आणि त्यावर टेप. म्हणजे टेप पॅचवरून निघते, कातडीवरून नाही. नळी कानामागून पाठीवर नेऊन फ्रॉकच्या आत सोडायची, पुढे लोंबली तर ओढणारच. तरीही ओढेल. रात्री पंप चालू असेल तर नळी गळ्याभोवती येणार नाही ना, हे मात्र फार जपा. आम्ही रात्रीचं दूध जागं राहूनच द्यायचो.

डिस्चार्जच्या आधी दोन गोष्टी पदरात पाडून घ्या. एक, त्याच मापाची जादा नळी. दुसरी, नळी रात्री दोन वाजता निघाली तर कुठे जायचं याचं नक्की उत्तर: कुठला वॉर्ड, कुठला नंबर, दारावर काय सांगायचं. जवळच्या नर्सिंग होममध्ये लहान मुलाची नळी घालणारं माणूस रात्री असेलच असं नाही.

पंप भाड्याने मिळतो. बॅटरी किती वेळ चालते ते घ्यायच्या आधी बघा, वीज गेली तर उपयोगी पडते. पंप नसेल त्या वेळी सिरिंजचं नळकांडं उंच धरून आपल्या वजनाने उतरू द्यायचं, दट्ट्याने ढकलायचं नाही; पण तुमच्या मुलीला सावकाशच झेपतंय, तेव्हा हे डॉक्टरांना विचारूनच. आम्ही खिडकीच्या गजाला हुक अडकवला होता. चाळीतल्या पोरांना पहिल्याच दिवशी बोलावून दाखवा की ही तिच्या दुधाची नळी आहे, ओढायची नाही. मुलं ऐकतात. मोठी माणसं जास्त प्रश्न विचारतात, त्यांच्याशी बोलायचं काम दिराला द्या.

गिरगावची_आजी

बाळ, तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या वेळी मुलाचं पोट बिघडलं की मुरडशेंग, वावडिंग, हळकुंड, सुंठ उगाळून गुटी देत असू. माझ्या पाचही नातवंडांना दिली. पोट साफ झालं की भूक लागते. नळीतून थोडी गुटी दिलीस तर तोंडाला लावायचा प्रश्नच येणार नाही. हिंगाचा लेप बेंबीभोवती लाव. आणि देवावर भरवसा ठेव.

निवृत्त_सिस्टर

आजी, तुमची माया कळते, आणि बेंबीभोवती बाहेरून हिंग लावायला माझी हरकत नाही. पण नळीतून गुटी अजिबात नको. उगाळलेला कण बारीक नळीत अडकतो आणि नळी बदलावी लागते, म्हणजे त्या पोरीला परत तेच. शिवाय सहाण आणि पाणी किती स्वच्छ, किती मात्रा गेली, याचा हिशेब नाही. मूल अशक्त असताना हे चालत नाही. लेकीच्या आई, घरात कुणी काही चाटवलं असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, राऊंडला कुणी रागावणार नाही.

मी मुंबईतल्या महापालिकेच्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात नोकरी केली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो फार कमी आया विचारतात आणि सगळ्यांच्या मनात असतो.

हात धरायला आईच हवी असा कुठलाही नियम नाही. सिस्टरना सांगा की मी तिला जवळ घेऊन बसते, हात दुसऱ्या कुणीतरी सांभाळा. चादरीत गुंडाळून, तुमच्या मांडीवर, पाठ तुमच्या छातीला टेकवून बसवलं की निजवून दाबून धरण्यापेक्षा मूल कमी घाबरतं. नळी खाटेवर घालू नये, प्रक्रियेच्या खोलीत घालावी. खाट ही तिची झोपायची जागा राहू दे. नळी गेली की लगेच उचलून घ्यायचं काम तुमचं. घरीही नळी घालायला नवरा किंवा दीर शिकू शकतो. निदान दोन माणसांना शिकवल्याशिवाय आणि त्या दोघांनी सिस्टरसमोर स्वतः करून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. हे मागणं तुमच्या हक्काचं आहे.

नळी पोटातच आहे हे कसं ओळखायचं? बऱ्याच ठिकाणी अजून सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने ऐकतात. त्यावर विसंबू नका, नळी चुकून श्वासमार्गात असली तरी आवाज येऊ शकतो. नळीतून पोटातलं थोडं पाणी वर ओढून पीएच कागदावर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या कागदावर, टाकायचं. ५.५ किंवा त्याखाली आलं तर पोटातलं आम्ल आहे असं धरतात. मुलीला आम्ल कमी करायचं औषध चालू असेल तर आकडा वर येऊ शकतो, तेव्हा तुमच्यासाठी कुठला आकडा धरायचा आणि पाणी निघालंच नाही तर काय करायचं, हे लिहून घ्या. शंका आली तर एक्स-रे. दूध सोडताना खोकला सुटला, ओठ निळसर झाले, श्वास वेगाने चालला, तर दूध तिथेच बंद करून सरळ रुग्णालय.

दूध देताना डोकं आणि छाती वर उचललेली हवी, संपल्यावरही अर्धा तास तशीच. आधी-नंतर थोडं पाणी सोडून नळी धुवायची. औषधं दुधात मिसळायची नाहीत, वेगळी द्यायची आणि दोन औषधांच्या मध्ये पाणी. अगदी छोट्या सिरिंजने जोर लावू नका, तिचा दाब जास्त पडतो.

पावडरचं दूध असेल तर पाणी उकळून, ७० अंशांच्या खाली जाऊ न देता त्यात पावडर कालवायची, मग थंड करायचं. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्याचं ऐकायचं. तयार दूध बाहेर दोन तासांवर ठेवायचं नाही. पंपाच्या पिशवीत किती वेळ चालेल ते आहारतज्ज्ञांकडून लेखी घ्या. पहाटे पाणी भरलं की पहिलं भांडं तिच्यासाठी उकळायला ठेवा. आणि घरी गेल्यावर "लवकर भरू दे" म्हणून मात्रा वाढवायची नाही. वाळलेल्या मुलाला एकदम जास्त दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येऊ शकतं. वाढवतील ते डॉक्टर.

हे मात्र पाठ करा: हिरवी उलटी, शीमधून किंवा उलटीतून रक्त, पोट फुगून कडक होणं, मूल मलूल पडणं, आठ तास लघवी नाही. यातलं एक जरी झालं तरी सकाळपर्यंत थांबायचं नाही. नळीने जेवणाऱ्या मुलाचे दात घासायचे असतात, हेही कुणी सांगत नाही. तोंड स्वच्छ राहतं, आणि तोंडात काहीतरी जायची सवय मोडत नाही.

ठाण्याचा_बाबा

माझा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे, त्यामुळे नळीबद्दल बोलत नाही. कागद आणि पैसे याबद्दल सांगतो.

एक फाइल करा, तारखेप्रमाणे. डिस्चार्ज कार्डात फक्त सारांश येतो, म्हणून प्रत्येक रिपोर्टची प्रत मागा, एक्स-रेच्या सीडीसकट. आतले तुकडे काढले होते ना, त्या स्लाइड दुसरीकडे दाखवायला मागता येतात. पुढे दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर मुलीला परत दुर्बिणीखाली न्यावं लागणार नाही. दुसरं मत घेणं म्हणजे आधीच्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगले डॉक्टर स्वतःच नाव सुचवतात.

उलटीचा, पाठ ताणण्याचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवा. राऊंडला मूल नेमकं शांत असतं. किती मिली, किती वेळात, उलटी कधी, शी कशी, एवढंच एका वहीत.

पैशांसाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा, वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तेच सांगतील. खाजगी धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली तर लक्षात ठेवा: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०, कलम ४१ कक. त्याखालच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आत्ताच काढून ठेवा, दीर मोकळा असेल तर त्याच्याकडून. अडवणूक झाली तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

आणि नवऱ्याला एक तरी राऊंड ऐकायला लावा. आपण बाहेरच्या बाकावर बसून फक्त औषधं आणत राहिलो की घरी गेल्यावर सगळा भार बायकोवर येतो. आमच्या वॉर्डात मी हे बरंच बघितलं.

घास_आणि_शब्द

मी वाक्-उपचारतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या गिळण्या-खाण्यावर काम करते. मुलीला न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या वडापावच्या प्रसंगावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

हो, त्याला अर्थ आहे. तिने वस्तू स्वतः निवडली, स्वतः तोंडाशी नेली, तिखट लागूनही परत नेली. आणि त्या क्षणी तिला कुणीही भरवत नव्हतं. तुम्ही पुढे गेला नाहीत हे फार चांगलं केलंत. तुमच्या थेरपिस्टना हा प्रसंग जसाच्या तसा सांगा.

२०१९ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी मिळून "पीडियाट्रिक फीडिंग डिसऑर्डर" अशी व्याख्या मांडली. त्यात चार बाजू एकत्र बघतात: शरीरातला आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य, आणि मुलाचं मन व घरातलं वातावरण. तुमच्या आतापर्यंतच्या तपासण्या पहिल्या बाजूच्या आहेत आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. दुसरी बाजू नळीने सांभाळली जातेय. उरलेल्या दोन बाजूंवर रक्ताचा रिपोर्ट काही सांगणार नाही. चावणं, जिभेने घास फिरवणं हे मुलं साधारण सहा महिन्यांपासून पुढे सरावाने शिकतात, आणि तुमच्या लेकीचा नेमका तोच काळ दुखण्यात गेला. त्यामुळे पोट उद्या बरं झालं तरी ती लगेच पोळी खायला लागेल असं समजू नका. ते शिकायला वेळ लागेल. ती हट्टी आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आधी मात्र एक विचारून घ्या: तिचं गिळणं सुरक्षित आहे का? पिताना खोकला, घोगरा ओला आवाज, वारंवार छातीचा संसर्ग असं काही असेल तर गिळतानाचा चलत एक्स-रे करतात. ते ठीक असेल तर नळीचं दूध चालू असतानाच तिला मांडीवर घेऊन सगळ्यांच्या पंगतीत बसवा. पुढ्यात ताटली, त्यात चिमूटभर काहीही. खेळू दे, फासू दे, फेकू दे. पोट भरण्याची भावना आणि जेवणाची वेळ यांची सांगड तिला परत घालायची आहे. गुदमरवतील असे कडक तुकडे, शेंगदाणे, फुटाणे मात्र लांब. कुणी "खा" म्हणायचं नाही, खाल्लं तर टाळ्याही नकोत.

सासूबाईंना थांबवू नका, त्यांना काम द्या. काऊ-चिऊ चालू दे, पण घास खरंच काऊला जाऊ दे. म्हणजे आजी काऊला भरवेल, बाहुलीला भरवेल, स्वतःच्या तोंडात घालेल, आणि नात बघेल. पाळी नातीवर आली की थांबायचं. तिने हात पुढे केला तर द्यायचं. आजीसाठी हे अवघड आहे, पण त्यांना कारण समजावून सांगितलं की बऱ्याच आज्या आमच्यापेक्षा चांगलं करतात.

पोटातल्या नळीला घाबरू नका. नाकातली नळी काही आठवड्यांच्या पुढे लागणार असं दिसलं की तो विचार करतातच. चेहरा मोकळा होतो, घशातलं टोचणं जातं, आणि काही मुलं त्यानंतर तोंडाने घ्यायला लागतात. गरज संपली की काढता येते. केईएम, सायन, नायर या मुंबईतल्या तिन्ही रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचा (खाण्यासारखी रोजची कामं सरावाने जमवून देणारा उपचार) अभ्यासक्रम आहे, नायरला वाक्-उपचारांचाही आहे. खाजगी फी परवडत नसेल तर तिथल्या बाह्यरुग्ण विभागात खाण्याच्या तक्रारींसाठी कोण बघतं याची चौकशी करा.

लेकीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तुमचे प्रश्न एका कागदावर उतरवले आणि आधी डॉक्टरांसमोर ठेवले. नवराही पाळी बदलून राऊंडला थांबला. डॉक्टरांनी कागद हातात घेऊन एकेक उत्तर दिलं, काही उत्तरं त्यांनी स्वतः त्यावर लिहिली.

जायच्या आधी जठर किती वेगाने रिकामं होतं त्याचा स्कॅन करणार आहेत. दूध नळीतून देऊन त्याचा मागोवा घेतात. त्यात मंदावलेलं दिसलं तर निदान अंदाजाला आधार मिळेल. अशा साथीनंतर आलेली मंदी बऱ्याच मुलांत काही महिन्यांत आपोआप सुधारते असं ते म्हणाले, पण तारीख देणार नाही असंही म्हणाले. पोटातल्या नळीचा निर्णय दिवाळीनंतरच्या भेटीत. गिळणं थेरपिस्टनी येऊन तपासलं, त्यांना सुरक्षित वाटतंय.

सिस्टर, नळी घालायला नवरा आणि धाकटा दीर शिकताहेत. नवऱ्याने काल पहिल्यांदा सिस्टरसमोर घातली, मी मांडीवर घेऊन बसले होते. रडली, पण माझा पदर धरून रडली. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. पीएचचे कागद मिळाले. मुलीला आम्लाचं औषध चालू आहेच, त्यामुळे तुम्ही म्हणालात ते विचारलं नसतं तर आम्ही घरी घाबरून गेलो असतो. आमच्यासाठीचा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

आजी, राग मानू नका, गुटी देत नाही. हिंग लावते.

सासूबाईंना "घास आणि शब्द" ताईंचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्यांदा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तिच्यासमोर बसून जेवायचं? ती उपाशी असताना?" मी सांगितलं की ती उपाशी नाही, नळीतून जेवतेय, आपण सोबत जेवायचं. ते त्यांना पटायला वेळ लागेल. पण आज डब्यात त्यांनी तिच्यासाठी वेगळी वाटी आणली नाही, आपल्या ताटात मेतकूट-भात कालवला आणि तिच्या शेजारी बसल्या. लेकीने बोट बुडवलं आणि माझ्या गालाला पुसलं.

रजेचं अजून ठरलेलं नाही. पतपेढीच्या चिटणीसांनी अर्ध्या दिवसाचं काही करता येईल का ते समितीत विचारतो म्हटलंय. दीर उद्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जातोय.

कल्याणच्या वहिनी, एकच राहिलं. तो गालाचा पॅच केमिस्टकडे काय म्हणून मागायचा, आणि तुम्ही तो किती दिवसांनी बदलायचात? वॉर्डात आहे तो मोठ्यांच्या मापाचा आहे, कापून लावला की कडा उचलतात. आणि पंप भाड्याने घेताना अनामत किती घेतात, याचा अंदाज असेल तर तेही लिहा.